तिसवाडीची जलप्रदक्षिणा

तिसवाडी हे बेट आहे. पणजीत उतरणाऱ्या, जुन्या गोव्यातली चर्चेस पाहणाऱ्या, दोनापावलाला संध्याकाळ घालवणाऱ्या बहुतेक प्रवाशांना हे जाणवतही नाही, कारण गाडी पुलांवरून सरळ निघून जाते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला झुआरी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा, असं चारी बाजूंनी पाणी आहे. राष्ट्रीय जलमार्गांचा २०१६चा कायदा झाला तेव्हा देशभरातल्या १११ जलमार्गांच्या यादीत या तिन्ही पाण्यांना जागा मिळाली. कुंभारजुवे कालवा २७ क्रमांकाचा, १७ किलोमीटरचा. मांडवी ६८ क्रमांकाची, ४१ किलोमीटरची. आणि झुआरी थेट यादीच्या शेवटी, १११ क्रमांकाची, ५० किलोमीटरची. तिघांना जोडून घेतलं की एक पूर्ण वेढा तयार होतो. पणजीहून बोट सोडावी, मांडवीतून वर जावं, कालव्यात शिरावं, झुआरीत उतरावं आणि समुद्राच्या तोंडावरून पुन्हा पणजीला यावं. आलेल्या वाटेने परत फिरावं लागत नाही.

आम्ही मंडळी बंगळुरूच्या चामराजपेटेतली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, अशी वाढलेली. पंप महाकवी रस्त्यावर कन्नड साहित्य परिषदेच्या आसपास खेळत मोठी झालेली. पाण्याशी आमचा संबंध नळापुरता. १८९२ साली चामराजेंद्र वडियारांच्या नावाने ही पेठ वसली आणि त्याच दशकात त्यांच्याच नावाच्या योजनेतून हेसरघट्टा तलावाचं पाणी शहराला मिळू लागलं. पुढे तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण झालं आणि १९७४पासून शंभरेक किलोमीटरवरून वर चढवलेली कावेरी आली. पेठेजवळची वृषभावती आम्ही नदी म्हणून पाहिलीच नाही, सांडपाण्याचा नाला म्हणूनच ती ओळखीची. धर्मांबुधी तलावाच्या जागी मॅजेस्टिकचं बसस्थानक उभं आहे, संपंगी तलावाच्या जागी कंठीरव स्टेडियम. अशा शहरातल्या माणसांना पाण्यावरून हिंडायची ओढ लागली ती हॉलंडमध्ये.

काही वर्षांपूर्वी आम्ही सारे मित्र-मैत्रिणी नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतात गेलो होतो. तिथे मोटरबोट भाड्याने मिळते आणि ती आपणच चालवायची असते. बोट १५ मीटरपेक्षा लांब नसेल आणि ताशी २० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ शकत नसेल, तर परवाना लागत नाही. बोटवाला तासाभरात सुकाणू, इंजिन, दोर बांधायच्या गाठी समजावून देतो आणि नकाशा हातात ठेवतो. झोपायच्या खोल्या, छोटं स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं बोटीतच. देशभरात असे सुमारे सहा हजार किलोमीटरचे आतले जलमार्ग आहेत. आम्ही स्नीकहून निघून स्लोटन, स्टाव्होरेन, लेमर अशी गावं केली. पूल आला की दिवे बघायचे. तांबडा असेल तर थांबायचं, तांबड्याबरोबर हिरवा लागला की पूल उघडायच्या बेतात आहे असं समजायचं आणि नुसता हिरवा लागला की निघायचं. काही गावांत पूल उघडणारा माणूस गळाच्या काठीला लाकडी खडाव बांधून तो बोटीवर सोडतो, टोलची नाणी त्यात टाकायची. रात्री माळावर, वस्तीपासून दूर, सार्वजनिक धक्क्यांना बोट फुकट बांधता येते, तीन दिवसांपर्यंत. कौदुमजवळ तर आमची बोट कालव्यातून पुढे सरकत होती आणि खालून मोटारी जात होत्या. रस्त्यासाठी पाणी न अडवता रस्ताच पाण्याखालून नेलेला.

या सगळ्यात मनात राहिलं ते डाव्या-उजव्या हाताचं शेत. बोटीतून पाहताना गायी आपल्यापेक्षा खाली चरताना दिसतात. फ्रीसलंडच्या तळ्या-कालव्यांचं पाणी समुद्राच्या प्रमाण पातळीपेक्षा ५२ सेंटिमीटर खाली राखलेलं असतं आणि बांधापलीकडची जमीन बऱ्याच ठिकाणी त्याहूनही खाली. लेमरला १९२० साली बांधलेलं वाफेवरचं पंपघर आहे, वाउदाखेमाल नावाचं. जागतिक वारसा यादीत त्याचं नाव १९९८मध्ये लागलं, तरी ते वस्तुसंग्रहालय होऊन बसलेलं नाही. पाणी फार चढलं तर आजही त्याच्या भट्ट्या पेटवतात. आमच्यातले एकजण स्थापत्य अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक. आम्ही त्यांना सरच म्हणतो. बांधावर उभे राहून ते म्हणाले, “अरे, हे आपल्याकडे गोव्यात आहे. पंप नाहीत, भरती-ओहोटीवरच चालतं. खाजण म्हणतात त्याला. पण ते आपण कधी पाहिलंय का?” कोणीच पाहिलं नव्हतं. तिसवाडीचा बेत तिथेच ठरला.

दिवाळी सरल्यावर आम्ही यशवंतपूरहून वास्को एक्स्प्रेसने निघालो. ही गाडी कॅसलरॉकपाशी घाट उतरायला लागते आणि दूधसागरासमोरून जाते. धबधब्याचं हे पाणी खांडेपार नदीतून मांडवीलाच मिळतं, तेव्हा ज्या नदीवर फिरायचं तिच्या एका फाट्याची भेट गाडीतच होते. मुख्य नदी म्हादई खानापूर तालुक्यातल्या, भीमगडाच्या रानातून येते. त्या मराठी मुलखात उगवून ती गोव्यात मांडवी होते. तिच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्याचं भांडण आहे, लवादाने २०१८ साली वाटेही ठरवून दिले, तरी ते मिटलेलं नाही. बंगळुरूकर म्हणून या नदीत बोट घालताना ही गोष्ट मनात ठेवावीच लागते. वरचं गोडं पाणी कमी झालं तर खालच्या खाडीत खारं पाणी आणखी आत चढणार, आणि पुढे जे पाहिलं त्याचं सगळं गणित गोड्या-खाऱ्याच्या तोलावर उभं आहे.

हॉलंडसारखी बोट आपली आपण चालवायची सोय इथे नाही. आम्ही तांडेल आणि खलाशी यांच्यासह एक साधी मोटरबोट ठरवली, वर कापडी छत, दोन्ही बाजूंना बाकं, प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट. निघायची वेळ आम्ही ठरवली नाही, भरतीने ठरवली. तांडेलाचा हिशेब सोपा होता. ओहोटी संपून पाणी चढायला लागलं की पणजी सोडायची, म्हणजे मांडवीत प्रवाह पाठीशी राहतो. पाणी निम्म्यावर चढलेलं असताना कालवा गाठायचा. आणि भरती पुरी होऊन पाणी परतलं की त्याच्याबरोबर झुआरीतून खाली यायचं. “उलटं गेलात तर डिझेल दुप्पट आणि कालव्यात गाळावर टेकायची भीती, साहेब,” असं त्याने सांगितलं. त्या दिवशी उधाण नव्हतं, भांगाची भरती होती. तीही आमच्या सोयीची, कारण पाण्याला ओढ कमी. भरतीचं पाणी मांडवीत सुमारे पन्नास किलोमीटर आत, घाटाच्या पायथ्याजवळ गांजेपर्यंत पोहोचतं. मांडवी आणि झुआरीच्या या श्वासाचा अभ्यास दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६मध्ये स्थापन झाल्यापासून करत आली आहे.

पणजीचा किनारा पाण्यावरून चांगला दिसायला हवा होता, पण नदीत नांगरलेली कॅसिनोंची जहाजं दृष्टीच्या आड येतात. शहराच्या ऐन दर्शनी भागात नदी अशी अडवून ठेवणं मला पटत नाही. त्यांच्या पलीकडे तीन पूल येतात. जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला होता. आता नव्यांच्या डोक्यावरून २०१९चा अटल सेतू केबलांवर तोललेला आहे. पुलांखालून गेल्यावर उजव्या हाताला जांभ्या दगडाच्या कमानींची लांबच लांब रांग सुरू होते. लिन्यारिसच्या काउंटने, तो गोव्याचा व्हाइसरॉय असताना, १६३०च्या दशकात बांधून घेतलेला हा सेतू. पणजीच्या पाटोपासून रायबंदरपर्यंत सुमारे तीन किलोमीटर, दलदलीवरून नेलेला. पावणेचारशेहून अधिक वर्षं झाली, वाहनं आजही त्यावरून जातात. रस्त्याने जाताना तो नुसता रस्ता वाटतो. कमानी आणि त्यांतून आत-बाहेर करणारं पाणी बोटीतूनच दिसतं.

डाव्या हाताला चोडण. बेटाच्या पश्चिम टोकावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, पण सगळं कांदळवन. पाणी अजून उतरलेलं असल्याने तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली दिसत होती आणि कांदळाच्या कमानदार मुळांत बगळे उभे होते. सरांनी तांडेलाला इंजिन मंद करायला सांगितलं. रायबंदर-चोडण फेरी समोरून आडवी गेली, तिच्यावर दुचाक्या, शाळकरी मुलं, भाजीच्या टोपल्या. गोव्याच्या नदी परिवहन खात्याच्या या फेऱ्या बेटांवरच्या लोकांचा रोजचा रस्ता आहेत. ज्यांना बोट ठरवणं परवडत नाही किंवा वेळ नाही त्यांनी निदान अशा एखाद्या फेरीने जाऊन यावं.

जुन्या गोव्याच्या धक्क्याला आम्ही उतरलो. व्हाइसरॉयची कमान थेट धक्क्यासमोर आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना ती उभी राहिली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. नवा व्हाइसरॉय आला की नदीतून येऊन याच कमानीखालून शहरात शिरायचा. आज सगळे पर्यटक मागच्या बाजूने, बसथांब्यावरून येतात, त्यामुळे शहराचं तोंड नदीकडे होतं हे लक्षात येत नाही. समोर दिवाडी. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं या बेटावरचं. पोर्तुगीज काळात देऊळ मोडलं तेव्हा दैवत बेटाच्या उत्तरेकडची खाडी ओलांडून डिचोलीतल्या नार्व्याला नेलं गेलं आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली बांधून घेतलं, तसा शिलालेख दारावर आहे. हा इतिहास पुस्तकात वाचताना नार्वे आणि दिवाडी दूरची गावं वाटायची. पाण्यावर आल्यावर कळलं की दोहोंमध्ये एका होडीच्या फेरीएवढंच अंतर आहे. त्या काळी बाटवाबाटवीतून सुटणं म्हणजे नेमकं एवढं पाणी ओलांडणं होतं. गोव्यातली कितीतरी दैवतं अशीच नद्या ओलांडून फोंडा, डिचोलीकडे गेली.

दिवाडीच्या पूर्व टोकाला वळसा घालून जुवें बेटाकडे निघालो आणि खाजणं सुरू झाली. आम्ही ज्यासाठी आलो होतो ते हेच. आधी काहीच कळत नाही. नदीकडून पाहिलं तर झाडीची हिरवी पट्टी, तिच्यामागे चिखल-दगडाचा बुटका बांध, बस्स. तांडेलाने बोट एका मानशीपाशी लावली आणि आम्ही बांधावर चढलो. पलीकडे भातकापणी झालेली शेतं दूरवर पसरलेली होती, आणि ती नदीच्या चढत्या पाण्यापेक्षा स्पष्ट खाली होती. फ्रीसलंडमधली गायींची कुरणं जशी खाली दिसायची, तशीच.

मानस म्हणजे बांधात बसवलेलं दार. जांभ्या दगडाची बांधणी, तिच्यात लाकडी झडपा. भरतीचं पाणी नदीकडून रेटा देतं तेव्हा झडपा आपोआप मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. ओहोटी लागली की आतलं पाणी नदीपेक्षा वर राहतं, झडपांना आतून ढकलतं आणि नदीत निघून जातं. इंजिन नाही, वीज नाही, दिवसातून दोनदा चंद्र हे काम करतो. पावसाळ्यात नदी डोंगरातल्या पाण्याने गोडी झालेली असते आणि शेतातली साठलेली खार पावसाने धुऊन जाते, तेव्हा खाजणात भात होतो; कोरगूट नावाचा, थोडी खार सोसणारा. भात निघाला की मोजकं खारं पाणी आत घ्यायचं, त्याबरोबर सुंगटं आणि मासे येतात, आतल्या चरांत वाढतात. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ते धरायचे. हा मासेमारीचा हक्क दरसाल लिलावाने दिला जातो. बांधाबाहेरचं कांदळवनही कोणी उगाच ठेवलेलं नाही. लाटांचा पहिला मार ते झेलतं.

गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. कोकणातल्या मौर्यांच्या, सहाव्या शतकातल्या ताम्रपटात खाजणाचा उल्लेख आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या हजारभर वर्षं आधीपासून इथला माणूस समुद्राकडून शेत मागून घेत होता. कोणा राजाने हे सगळं उभारलं नाही, गावकारीने उभारलं. गावातल्या मूळ कुळांची ही संस्था बांधांची देखभाल करायची, पावसाळ्यापूर्वी डागडुजी करवून घ्यायची, मानशीवर माणूस नेमायची, आणि लिलावाचा पैसा बांधालाच लावायची. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकारीचे रिवाज लिहून काढले आणि पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं, पण काम तेच राहिलं.

बांधावर बसूनच सरांनी हॉलंडची गोष्ट पुरी केली. तिथल्या बेम्स्टरचं तळं १६१२ साली पवनचक्क्यांनी उपसून शेत केलं, हार्लेमचं मोठं तळं १८५२ साली वाफेच्या पंपांनी कोरडं केलं. पण त्याच्या कितीतरी आधी तिथेही बांध आणि झडपेची मोरीच होती. ओहोटीला उघडणारी, भरतीला मिटणारी. दोन्हीकडे माणसाच्या डोक्यात एकच युक्ती आली. फरक पुढे पडला. तेराव्या शतकापासून बांधांची निगा राखणारी त्यांची जलमंडळं आजही आहेत, देशभरात २१. त्यांची वेगळी निवडणूक होते, ती स्वतःचा कर बसवतात. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर तर बांधाचा प्रश्न तिथे कोणी दुय्यम मानत नाही. आपल्याकडे १९६४च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क दिले, ते न्याय्यच होतं, पण बांध कोणी राखायचा याचं उत्तर सैल झालं. कुळांचे संघ नेमले गेले; काही गावांत ते चांगले चालले, कित्येक ठिकाणी नाही. मासळीचा ठेका घेणाऱ्याला खारं पाणी जास्त वेळ आत हवं असतं, शेतकऱ्याला ते नको असतं. बांधाला भगदाड पडलं आणि वेळेवर बुजवलं नाही, की शेत खारं होतं. मग भात सुटतो. मग तिथे तिवर उगवतं. कुंभारजुव्याच्या वाटेवर आम्ही अशी बुडालेली खाजणं पाहिली. तुटलेल्या बांधाचे तुकडे पाण्यात बेटांसारखे उरलेले आणि मधल्या शेतातून होडी जाईल एवढं पाणी. माझ्या मते गोव्यातलं सर्वांत दुःखद दृश्य हे आहे, आणि ते कुठल्याही रस्त्यावरून दिसत नाही.

जुवें बेट भेंडीसाठी प्रसिद्ध आहे. सात शिरांची ही भेंडी गोव्याच्या बाजारात ‘जुव्याची’ म्हणूनच मागून घेतात. बेटाच्या कडेने वळून आम्ही कालव्यात शिरलो. पाणी अरुंद झालं, दोन्ही काठ जवळ आले, वारा पडला. कुंभारजुवे गावाचा सांगोड याच पाण्यावर होतो. गणेश चतुर्थीच्या सातव्या दिवशी होड्या जोडून, सजवून, त्यांवर गणपती ठेवून मिरवणूक निघते. ही माणसं पाण्याला देव समर्पण करायलाच नव्हे तर देवाला पाण्यावर फिरवायला निघतात.

गवंडाळी मागे पडल्यावर खलाशाने हाताने खूण केली. डाव्या काठाच्या चिखलावर मगर पडली होती, खाडीतली असूनही गोड्या पाण्याची, जबडा उघडा टाकून ऊन खात. या कालव्यात मगरींचा रहिवास आहे आणि त्या दाखवायला बोटीही निघतात. आमच्या तांडेलाने इंजिन बंद करून बोट लांबूनच वाहू दिली. जवळ नेऊन तिला पाण्यात पळायला लावणारे बोटवाले आहेत. तसं करायला सांगू नये, आणि हात पाण्यात सोडू नये. पुढे बाणस्तारीचा पूल, वरून पणजी-फोंडा वाहतुकीचा गडगडाट. पुलाखाली थांबून पणजीहून आणलेले पाव आणि पातळ भाजी खाल्ली.

या कालव्याचं एक महत्त्व नकाशावरून कळत नाही. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी, आग्वादजवळ, वाळूचा दांडा आणि लाटा यांमुळे ये-जा धोक्याची होते. तेव्हा खनिजाच्या बार्ज मांडवीतून या कालव्यात वळायच्या आणि झुआरीतून मुरगाव बंदर गाठायच्या. खाणधंदा शिगेला होता तेव्हा वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज गोव्याबाहेर जात होतं, आणि त्यातला मोठा भाग या नद्यांवरून. २०१२ साली खाणी बंद झाल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. आता नव्या लिलावांनंतर काही बार्ज परत दिसू लागल्या आहेत. भरलेली बार्ज अरुंद पाण्यातून गेली की तिची लाट दोन्ही बांधांवर आदळते. फ्रीसलंडच्या कालव्यांत वेगाची मर्यादा ताशी सहा ते नऊ किलोमीटर एवढी कमी का, हे तिथे वाचून कळलं होतं. इथे खचलेला काठ पाहून पटलं. तांडेलही बांधाजवळून जाताना आपणहून वेग कमी करत होता.

मंडूर, नेवरा, आजोशीची खाजणं उजवीकडे ठेवून आम्ही आगशीजवळ झुआरीत बाहेर पडलो. एकदम आभाळ मोठं झालं. केबलांचा नवा झुआरी पूल, ज्याचा पहिला भाग २०२२च्या डिसेंबरात खुला झाला, आणि त्याच्याजवळ कोकण रेल्वेचा पूल. यापुढचा रस्ता मोठ्या पाण्याचा आणि त्यामानाने कमी बोलका. चिखलीच्या उपसागरात पातळ, पारदर्शक शिंपले होतात, जुन्या गोव्याच्या घरांत खिडक्यांना काचेऐवजी लावलेले असतात ते. आता त्यांना कायद्याचं संरक्षण आहे. दुपार कलली तशी समुद्राची झुळूक वाढली, लाटांवर पांढरे तुरे दिसू लागले. काबोच्या भूशिराला वळसा घालून त्याच दिवशी पणजी गाठायची आमची इच्छा होती. तांडेलाने नाही म्हटलं, आणि आम्ही दोनापावलाला उतरलो. बोटीवर शेवटचा शब्द तांडेलाचा असतो.

राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पहाटे केला, वारा सुटण्याआधी. काबोच्या टोकावर राजभवन, समोर मुरगाव बंदर, आणि वळून मांडवीच्या तोंडाशी आल्यावर उजवीकडे मिरामार, डावीकडे आग्वाद. या किल्ल्याचं काम सतराव्या शतकाच्या सुरुवातीला झालं ते मुख्यतः डचांच्या भीतीने. ती भीती खरी ठरली. १६३०च्या दशकाच्या उत्तरार्धात डच ईस्ट इंडिया कंपनीची आरमारं वर्षानुवर्षं याच तोंडाशी नांगर टाकून गोव्याची कोंडी करत होती. त्यांना रसद मिळावी म्हणून १६३७ साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार उघडली. तिचे अवशेष आजही उभे आहेत आणि सिंधुदुर्गात जाणाऱ्याने पाहावेत असे आहेत. स्वतःच्या देशात पाण्याशी एवढी समजुतीने वागणारी ही माणसं मांडवीत मात्र कधी शिरू शकली नाहीत. बाहेरूनच परत गेली.

ही फेरी पन्नासेक किलोमीटरची होते. ज्यांना करायची आहे त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. पावसाळ्यात नदीचं तोंड बंदच असतं आणि एप्रिलपासून ऊन सोसत नाही. अखंड वेढा घालून देणारी ठरलेली सहल सहसा मिळत नाही; पणजी, बेती किंवा बाणस्तारीच्या बोटवाल्यांशी बोलून मार्ग ठरवावा लागतो. बोट बंदर कप्तान खात्याकडे नोंदलेली आहे का, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, हे आधी पाहावं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक स्वतः बघून मगच दिवस पक्का करावा. समुद्राच्या तोंडाचा भाग वृद्ध आणि लहान मुलांना घेऊन करू नये. मांडवी आणि कालवा एवढं केलं तरी फेरीचं सार हाती येतं.

आणि एक विनंती. खाजणाच्या एका तरी बांधावर उतरा, मानशीची झडप उघडताना किंवा मिटताना पाहा, तिथे शेतकरी भेटला तर त्याच्याशी बोला. हॉलंडने आपले बांध टिकवले ते सामान्य माणसाला बांध म्हणजे काय हे ठाऊक होतं म्हणून. तिथली मुलं कालव्यात होड्या चालवत मोठी होतात. आपल्याकडे जलमार्गांना क्रमांक देऊन झाले आहेत. आता त्यांवर छोटे धक्के, साध्या बोटी आणि बांधांच्या डागडुजीचा पैसा यांची गोव्याने सोय करावी, आणि आपण प्रवाशांनी ती मागावी.